पहिलीच्या बाईंचं वाचन गेलं तेव्हा

मी पहिलीची बाई. सव्वीस वर्षं पहिलीच घेतली. मधे दोनदा चौथी देऊ केली होती, मी नको म्हटलं. चौथीच्या पोरांना सगळं येत असतं, निदान त्यांना तसं वाटत असतं. पहिलीचं मूल जूनमध्ये येतं तेव्हा त्याच्यासाठी फळ्यावर नुसत्या रेघोट्या असतात, आणि मार्चमध्ये तेच मूल दुकानांच्या पाट्या मोठमोठ्याने वाचत आईला भर रस्त्यात उभं करतं. हे दर वर्षी बघायला मिळत असताना चौथी कोण घेईल?

तर अशा मला, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, एका सोमवारी सकाळी वाचता येईनासं झालं. लिहिता येत होतं, बोलता येत होतं, फक्त वाचता येत नव्हतं. असं होतं का कुठे, असं तुम्ही म्हणाल. मीही तेच म्हणत होते. हे लिहून काढा असं माझ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्यांचं म्हणणं, अशी माणसं घाबरून घरात बसतात आणि घरच्यांनाही काही कळत नाही. म्हणून झालं तसं सांगते. त्यात माझी लबाडीसुद्धा आली, ती लपवणार नाही.

सोमवार

डोकं रविवारपासूनच ठणकत होतं. बीपीची गोळी चालू होती, पण कधी घेतली, कधी राहिली, असा सगळा कारभार. वर्गात शिरताना उजवा खांदा चौकटीवर आपटला. मुलं हसली, मीही हसले. हजेरीपट उघडला तर आत भलतंच काहीतरी. रकाने होते, शाई होती, अक्षरांसारखं काहीतरी होतं, पण मराठी नव्हतं. आमच्या लालबागच्या शाळेत खालच्या मजल्यावर तमिळ माध्यम भरतं. मला वाटलं, शिपायाने त्यांचा हजेरीपट माझ्या टेबलावर आणून टाकला. मी तणतणत खाली गेले आणि तमिळच्या बाईंपुढे तो ठेवला. त्यांनी उघडून बघितला, मग माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "बाई, ये तो आपका ही है."

मी वर आले. हजेरी तोंडं बघून घेतली. फळ्यावर वार, तारीख आणि रोजचं एक वाक्य लिहिलं. हात बिनचूक चालला. वाचून दाखवायला मागे सरले, तर फळ्यावरही तमिळच. आत्ता, या हाताने, मी लिहिलेलं. पण सव्वीस वर्षं शिकवलेली बाई अशी अडकत नाही. कोण वाचणार, म्हणून विचारलं. वीसेक हात वर झाले. मी काय लिहिलं होतं ते मला माझ्या मुलांकडून कळलं.

आता माझा मूर्खपणा ऐका. मधल्या सुट्टीत मी हॉस्पिटलात नाही, चष्म्याच्या दुकानात गेले. चष्मेवाल्याने काचा बदलून बदलून बघितल्या. मला एकही अक्षर ओळखता येईना. तो म्हणाला नंबर खूप वाढलाय, गुरुवारी या. मी परत येऊन शाळा सुटेपर्यंत शिकवलं. संध्याकाळी घरी जेवताना ताटातली उजव्या बाजूची भाजी मी तशीच ठेवून उठले, कारण ती मला दिसलीच नव्हती. माझ्या मिस्टरांनी ते बघितलं. त्यांनी पेपर पुढे धरला आणि वरची ओळ वाच म्हणाले. मी त्यांच्यावरच ओरडले, की दिवसभर दमून आलेल्या माणसाच्या परीक्षा कसल्या घेता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला परळच्या मोठ्या हॉस्पिटलात घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरीणबाई माझ्या मुलापेक्षा चारेक वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी मला एक वाक्य लिहायला सांगितलं. मी लिहिलं. त्यांनी कागद बाजूला ठेवला, शाळेचं, मुलांचं विचारत बसल्या, आणि थोड्या वेळाने तोच कागद पुढे करून विचारलं, काय लिहिलंय? मी म्हटलं, अक्षर तर वळणदार आहे, कुणाचं आहे हे?

मिस्टरांनी तोंड दुसरीकडे फिरवलं. तेव्हा मला कळलं की अक्षर माझंच होतं.

मेंदूत गुठळी अडकली होती. डोळे ठीक, भाषा ठीक, दोघांमधली वाट तेवढी बंद, असं त्यांनी साध्या शब्दांत सांगितलं. उजवीकडचं थोडं दिसणंही गेलं होतं. मग मात्र त्यांनी मला चांगलं झापलं. काल सकाळीच आला असतात तर खूप काही करता आलं असतं, म्हणाल्या. तेव्हा वाचणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं, की अचानक वाचता येईना, बोलता येईना, एका बाजूचं दिसेना, तर चष्मेवाला नाही, देवऋषी नाही, थोडं पडून बघते असंही नाही. तडक हॉस्पिटल गाठा.

वॉर्डातल्या मावशी

वॉर्डात दहा दिवस होते. सकाळी साडेपाचला चहा, मग झाडू, मग बीपी, मग डॉक्टरांचा घोळका. विद्यार्थी डॉक्टर यायचे आणि मला लिहायला लावून वाचायला लावायचे. त्यांना माझी केस फार आवडली होती. एकीने तर थँक्यू म्हटलं. मी सगळ्यांना शहाण्यासारखं करून दाखवायचे आणि ते गेले की चादर तोंडावर ओढून घ्यायचे.

शेजारच्या खाटेवर लालबागच्याच एक मालवणी मावशी होत्या. नवरा गिरणीत होता, आता सून-मुलाजवळ असतात. त्यांचा डावा हात लुळा पडला होता, पण तोंड जोरात चालायचं. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझी चादर ओढली.

"कित्याक रडतंस गो? माका जल्मात एक अक्षर इला नाय. म्हणान काय मी जगलंय नाय?"

खरं सांगते, मला राग आला. वर्षानुवर्षं स्टाफरूममध्ये मी अशा बायकांना अंगठेबहाद्दर म्हणून हसत आले होते. आता त्याच मला त्यांची विद्या शिकवायला लागल्या. सकाळची गोळी पांढरी गोल, संध्याकाळची गुलाबी लांबट. बाथरूमच्या दोन दारांपैकी बायकांचं कुठलं, तर ज्याची कडी वाकडी आहे ते. बसचा नंबर वाचायचा नसतो, ओळखायचा असतो. "पयलां बघूक शिक," त्या म्हणायच्या, "वाचूचा मागीर." डिस्चार्ज मिळाला तेव्हा मी त्यांच्या गळ्यात पडून रडले. त्यांची सून बघत राहिली.

घर

आम्ही नायगावच्या चाळीत राहतो. आमच्या घरात देव्हारा नाही, पुस्तकांचं कपाट आहे. माझे वडील गिरणीत होते. पाळी संपवून आले की चाळीच्या पायरीवर बसून दहा-बारा जणांना पेपर वाचून दाखवायचे. त्यातल्या बऱ्याच जणांना वाचता यायचं नाही. आपल्या माणसांना किती पिढ्या अक्षराला शिवू दिलं नव्हतं हे वडील सांगायचे, आणि आम्हा भावंडांकडून रोज एक पान मोठ्याने वाचून घ्यायचे. त्या घरातली मी, कपाटासमोर उभी राहायचे आणि एकाही पुस्तकाचं नाव मला सांगता यायचं नाही. मला बापाची लाज काढल्यासारखं वाटायचं.

घरात आम्ही तिघं. मिस्टर, म्हणजे अशोक, कॉटन ग्रीनच्या एका गोदामात सुपरवायझर आहेत. नववीपर्यंत शिकलेत. मुलगा निखिल कॉम्प्युटरच्या कंपनीत, अर्धे दिवस घरून काम. घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी निखिलने माझ्या मोबाइलवर काहीतरी टाकलं. कॅमेरा कागदावर धरला की फोन वाचून दाखवायचा. म्हणाला, मम्मी, टेन्शन नॉट, आता वाचायची गरजच काय? पोराने प्रेमानेच केलं होतं. मी त्याला म्हटलं, मग उद्यापासून जेवूही नकोस, कुणीतरी जेवलेलं बघत जा. तो तोंड पाडून गॅलरीत गेला.

खरी लढाई माझ्या डब्याची होती. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात मी हाताने केलेली शब्दकार्डं. आहे, नाही, आणि, पण, मग, माझा, तुला, कुठे, खूप, सगळे. पहिलीच्या कुठल्याही पानावर हेच शब्द फिरून फिरून येतात. हे मुलाला बघताक्षणी ओळखता आले की अर्धं पान त्याच्या खिशात, मग उरलेल्या शब्दांशी झुंजायला त्याच्यात जोर राहतो. हे मी ट्रेनिंगला दुसऱ्या शिक्षकांना शिकवलंय. अशोकनी तो डबा काढला आणि माझ्यासमोर एकेक कार्ड धरायला लागले.

एकही येईना. आणि माझी जीभ काही गप्प बसेना. असं नाही धरायचं, कार्ड हलवू नका, एकदम दहा नाही, पाचच घ्या, चुकल्यावर तोंड वाकडं करू नका. ते बिचारे निमूट ऐकायचे. एका रविवारी मी तो डबा भिंतीवर फेकला. कार्डं शेगडीखाली, पलंगाखाली, मोरीत. निखिल ती वेचत राहिला आणि अशोक चपला घालून खाली निघून गेले. ते तासाभराने वडापाव घेऊन आले. तिघांनी मिळून खाल्ले.

पेढे

रजा संपत आली होती. शाळेत काय होणार हे उघड होतं. वाचता न येणाऱ्या बाईला वर्ग कोण देईल? एक तर ऑफिसात बसवतील, नाही तर मेडिकलवर घरी पाठवतील. मला दोन्ही नको होतं. मला माझा वर्ग पाहिजे होता, तेही येत्या जूनमध्ये, नवीन मुलं येतील तेव्हा. दुसरं काहीच मला सुचत नव्हतं.

आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, दोन शिक्षिकांना घेऊन भेटायला आल्या. चहा झाला. टेबलावर पहिलीचं पुस्तक पडलं होतं. मोठ्या बाई सहज म्हणाल्या, थोडंफार जमतंय का आता? मी पुस्तक उचललं. चित्र दिसलं, बदकाचं. आणि मी धडा वाचायला लागले. घडाघडा. एक पान, दुसरं पान, विरामचिन्हांसकट. मोठ्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. एकीने टाळ्या वाजवल्या. निखिलने व्हिडिओ काढला.

अहो, ते पुस्तक मी इतकी वर्षं शिकवत होते. झोपेतून उठवलं असतं तरी म्हणून दाखवलं असतं. चित्र बघायचं आणि धडा म्हणायचा, त्यात वाचणं कुठे आलं? पण त्या सगळ्यांचे चेहरे बघून मला सांगवेना. आणि खोटं कशाला बोलू, सांगायचंही नव्हतं. मनात हिशेब झाला होता की पहिलीला हेच पुस्तक, फळ्यावर लिहिता येतं, वाचायला मुलं आहेतच, हजेरी तोंडं बघून. निभावून नेऊ. मोठ्या बाई म्हणाल्या, मग फिट असल्याचा कागद आणा, जूनपासून पहिली तुमचीच. हॉस्पिटलात वाचा-भाषेच्या ज्या बाई दर आठवड्याला माझी उजळणी घ्यायच्या, त्या मला एका मिनिटात पकडतील म्हणून मी त्यांच्या दोन वेळा चुकवल्या. फोनवर सर्दीचं कारण दिलं.

संध्याकाळी अशोकनी पेढे आणले, मजल्यावर घरोघर वाटले आणि मोठ्या बाईंच्या घरीही पोचवले. मी पण एक खाल्ला.

"हा कोणता?"

दुसऱ्या दिवशी सकाळी निखिल मॅचला गेला होता. मी भाजी निवडत होते. अशोक पहिलीचं पुस्तक घेऊन समोर जमिनीवर बसले. बदकाचं पान उघडलं, चित्रावर आपला पंजा ठेवला आणि दुसऱ्या हाताचं बोट मधल्याच एका शब्दावर टेकवलं.

"सुनंदा, हा कोणता?"

मी सगळं वाक्य म्हणून टाकलं.

"वाक्य नको. हा एकच."

मी मेथीची जुडी हातात धरून बसले. हे त्यांना मीच शिकवलं होतं. सव्वीस वर्षं रात्रीच्या जेवणाला मी वर्गातल्या गोष्टी सांगत आले. पोरं कशी चित्र बघून धडा पाठ म्हणतात आणि बाईला फसवतात, आणि मग बाईने कसं चित्र झाकायचं, मधल्याच शब्दावर बोट ठेवायचं, की पितळ उघडं. मला वाटायचं हे नुसते हूं हूं करतात, लक्ष भातात असतं.

"कालच कळलं मला," ते म्हणाले. "पान उलटायच्या आधीच तू पुढच्या पानावरचं बदक पाण्यात सोडलंस."

"मग पेढे कशाला वाटलेत?"

"चार माणसांत तुला काय बोलू?"

मग मात्र मी रडले. तोंडात पदर कोंबून, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. अशोक, मला माझा वर्ग पाहिजे, एवढंच म्हणत राहिले. आमच्याकडे बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत, मीही कधी मारली नव्हती. त्यांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, वर्ग पाहिजे तर वाच. ती पोरं आहेत, आठ दिवसांत पकडतील, आणि त्यांच्यासमोर तुझं पितळ उघडं पडलं तर तू परत त्या शाळेची पायरी चढणार नाहीस, मी ओळखतो तुला.

सोमवारी मी शाळेत गेले आणि मोठ्या बाईंना सगळं खरं सांगितलं. त्या बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसल्या. मला वाटलं आता संपलं. त्या म्हणाल्या, यंदा वर्ग देता येणार नाही, दुसऱ्या बाईंना देते. जूनपर्यंत रजा घ्या, मग बघू. वर म्हणाल्या, पेढा चांगला होता. त्या माउलीचे उपकार मी विसरणार नाही.

बोट

अशोकनी गोदामातून एक गोष्ट आणली. तिथले जुने हमाल अक्षर वाचत नाहीत, पण दुरून गोणीवरची छाप बघून सांगतात की माल कुणाचा. छापेतली अक्षरं मोजत बसत नाहीत. अशोक म्हणाले, तू पोरांना तेच करायला लावतेस ना? मी म्हटलं, तेच. इतकी वर्षं मी जे ट्रेनिंगमध्ये तासभर सांगत होते ते यांनी एका गोणीत बसवलं.

पण माझ्या डोळ्यांना छाप दिसेना. हॉस्पिटलातल्या वाचा-भाषेच्या बाईंनी वेगळंच सांगितलं. म्हणाल्या, तुमच्या हाताला अक्षरं येतात, तेव्हा बोटाने गिरवा, हात तोंडाला सांगेल. आता पंचाईत अशी, की मी बोटाची वैरीण. मुलाने शब्दाखाली बोट ठेवलं की मी म्हणायचे, बोट उचल, डोळे चालव. काहींच्या बोटावर पट्टीही मारली आहे. आज ते आठवलं की वाईट वाटतं. काही मुलांना तेव्हा बोटाशिवाय दिसतच नसणार आणि मी त्यांचा आधार काढून घेत होते. सगळ्यांची नाही, पण त्या मुलांची मी माफी मागायला पाहिजे. आता ती मोठी झाली आहेत, कुठे शोधू?

आठवडाभर अडून बसले. शेवटी अशोकनी माझा हात धरला आणि डोळे मिट म्हणाले. त्यांच्या राठ बोटाने माझ्या तळहातावर काहीतरी गिरवलं. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा मी म्हटलं, घर. मग डोळे उघडून कार्डावरच्या अक्षरांवरून स्वतः बोट फिरवलं, आणि घर आलं. पाठ केलेलं नाही, वाचलेलं. अशोक सरळ उठून शेगडीकडे गेले आणि कारण नसताना चहा ठेवला.

त्यानंतर रोज पाच शब्द. गिरवायचा, तोंडाने म्हणायचा, त्याचं वाक्य करायचं, झाकायचा, परत बघायचा. निखिलने जाड मार्करने मोठी कार्डं करून दिली. सकाळी लॅपटॉप उघडायच्या आधी विचारायचा, मम्मी, आजचे पाच कोणते? कागदपत्रं वाचायला त्याचा तो फोनही मी वापरायला लागले. त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, जाऊ दे ना यार. आईला यार म्हणतो, कार्टं.

संध्याकाळी शब्द शोधायला बाहेर. मुलांना मी हाच गृहपाठ द्यायचे. नायगावहून दादरच्या मार्केटपर्यंत आम्ही दोघं पाट्या बघत जायचो. येथे. मिळेल. बंद. आहे. मी दुकानासमोर उभी राहून हवेत बोट गिरवायचे आणि अशोक माझ्या उजव्या बाजूला, कुणी धडकू नये म्हणून. लोकांना वाटायचं पत्ता चुकलाय. एक पानवाला रोज विचारायचा, किधर जाना है आंटी? एका ओळीला सुरुवातीला पाव तास लागायचा, मग दहा मिनिटं, मग पाच. पण अख्खा शब्द एकदम डोळ्यात यावा, जसा तुम्हाला आत्ता हा येतोय, तसं काही होईना. प्रत्येक शब्दाला बोट लागायचंच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कदाचित एवढंच होईल, तयारी ठेवा. मी होकार दिला आणि घरी येऊन दोन दिवस डब्याला हात लावला नाही.

बाकावर

जूनमध्ये मोठ्या बाईंनी मला रोज एक तास दिला. वर्ग नवीन बाईंचा. त्यातली शब्द न येणारी पाच मुलं माझ्या वाट्याला. दिवाळीपर्यंत बघू, जमलं तर पुढे, नाही तर ऑफिस. मी हो म्हटलं. पहिल्याच दिवशी मुलांना सांगून टाकलं की बाई आजारी होत्या, बाईंचं वाचणं गेलं, बाई पण शिकताहेत. एकाने विचारलं, म्हणजे तुम्ही पण पहिलीत? म्हटलं, हो. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. लगेच पेन्सिलींवरून भांडायला लागली.

त्या पाचात आरोही म्हणून एक मुलगी, शीव कोळीवाड्याहून आजीबरोबर यायची. अक्षरं सगळी यायची, पण शब्द कधी एका झटक्यात यायचा नाही. दर वेळी पहिल्या अक्षरापासून सुरुवात. ओळीच्या शेवटी पोचेपर्यंत पहिला शब्द विसरलेला. नवीन बाई म्हणायच्या, हिचं कठीण दिसतंय. मला तिच्याजवळ बसलं की बरं वाटायचं. आम्ही एकाच बाकावर बसायचो, कार्ड मधे ठेवायचो आणि दोघी आपापलं बोट काढायचो.

ऑगस्टमधल्या एका बुधवारी मी गठ्ठ्यातून न बघता एक कार्ड काढून बाकावर ठेवलं. आरोहीने बोट पुढे केलं. मीही करणार होते. पण माझं बोट पोचायच्या आधीच शब्द माझ्या तोंडात आला होता: कुठे. मी गिरवला नव्हता, अक्षरं जोडली नव्हती. ओळखीचं माणूस गर्दीत दिसावं तसा तो अख्खा दिसला, कुठे. मी डोळे मिटून परत उघडले. ‘कुठे’च होतं.

नऊ महिन्यांत पहिल्यांदा. मला ओरडावंसं वाटलं. उठून अशोकना फोन लावावा, तमिळच्या बाईंना खालून बोलवावं. पण आरोही अजून वाचत होती. आणि आमच्या धंद्याचा पहिला नियम असा, की मूल शब्दाशी झुंजत असताना बाईने तो सांगायचा नाही. सांगितलात की तो तुमचा झाला, मुलाचा राहिला नाही. तिचं बोट क वर होतं. मग उकारावर. मी ओठ दातांखाली दाबून धरला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि घाबरली, आपलं चुकलं म्हणून. मी मान हलवली आणि कार्डाकडे हात केला. ती परत पहिल्यापासून. किती वेळ गेला कोण जाणे.

"कुठे," ती म्हणाली. "बरोबर ना, बाई?"

"बरोबर. मला पण तोच आला."

मग मी पुढचं कार्ड ठेवलं. आरोहीने ते बघितलं मात्र, आणि तिचा चेहरा उजळला. तिला बोट लागलं नव्हतं. मला काही ते आलं नाही. मी पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि सावकाश गिरवायला लागले. आरोहीने माझ्या बोटाकडे बघितलं, ओठ दातांखाली दाबून धरला आणि माझं होईपर्यंत गप्प बसून राहिली.